कोचकडे जाताना भीड घरी ठेवा

"कोच लावावा का? आणि लावला तर तिथे जाऊन नेमकं करायचं काय असतं?" हा प्रश्न मला सगळ्या थरांतली माणसं विचारतात. हिंजवडीत पहिल्यांदाच दहा-बारा जणांची टीम हाताखाली आलेला टीम लीड, भोसरीत वडिलांचं वर्कशॉप चालवायला घेतलेला मुलगा, बाळ झाल्यावर सोडलेली नोकरी पुन्हा शोधणारी आई, निवृत्ती तोंडावर आलेले बँकेतले साहेब. मी मनुष्यबळ विभागात काम करते आणि कंपनीतल्या लोकांना कोच, म्हणजे बोलता बोलता आपली वाट आपणच शोधायला मदत करणारा माणूस, जोडून देणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोच वाईट निघाला म्हणून कोचिंग फसलं, असं कमी वेळा होतं. समोरचा माणूस भिडेपोटी गप्प राहतो, तिथे ते जास्त वेळा फसतं. फी विचारायला संकोच, "हे मला पटलं नाही" म्हणायला संकोच, ठरवलेलं काम झालं नाही हे सांगायला तर त्याहून जास्त. सरांना काय वाटेल, मॅडमना काय वाटेल! म्हणून पहिल्यांदाच कोचकडे जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बघा, कोचच हवा आहे का

कोच तुम्हाला विषय शिकवत नाही आणि सल्लाही क्वचितच देतो. तो प्रश्न विचारतो, नीट ऐकतो, तुम्हीच बोललेलं तुमच्यासमोर ठेवतो आणि जे करायचं ठरलं त्याबद्दल पुढच्या भेटीत विचारतो. त्यामुळे तुमच्या क्षेत्रातलं त्याला फारसं कळत नसलं तरी अडत नाही.

हे वाचून "मला तर रस्ता दाखवणारा माणूस हवाय" असं वाटलं, तर तुम्हाला मेंटॉर लागेल. म्हणजे तुमच्याच वाटेनं पुढे गेलेला कुणीतरी. छोट्या उद्योजकांना मी नेहमी सांगते की मराठा चेंबर ही व्यापार-उद्योगांची संस्था १९३४ पासून पुण्यात आहे. तिथल्या कार्यक्रमांना जा, आपल्या धंद्यातली अनुभवी माणसं गाठा, त्यांच्याशी ओळख वाढवा. इंग्रजी संभाषण किंवा प्रेझेंटेशन शिकायचं असेल तर ट्रेनर किंवा क्लास बरा. दहावी-बारावीच्या मुलाचा कल बघायचा असेल तर मानसशास्त्रीय चाचण्या घेणाऱ्या संस्था आहेत. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीत हे काम चालतं.

एका बाबतीत मात्र चालढकल नको. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन रमत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर कोच हा त्यावरचा मार्ग नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. आज, आत्ता कुणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. चांगला कोच पहिल्याच भेटीत हे ओळखतो आणि स्वतःहून तुम्हाला तिकडे पाठवतो. जो म्हणतो "औषधं बंद करा, आपण माइंडसेट बदलू", त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका.

आणि त्रास ऑफिसातल्या अन्यायाचा असेल, तर तो स्वतःत सुधारणा करून सोसत बसू नका. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार तिथे करा.

कागदावर लिहा, आणि हे कुणाला हवंय ते विचारा

कोच शोधायच्या आधी एक संध्याकाळ स्वतःला द्या. फोन बाजूला ठेवा, एक कोरा कागद घ्या. काय हवंय ते लिहा. पहिल्या झटक्यात जे उतरेल ते बहुधा ढोबळ असेल: आत्मविश्वास वाढवायचा, वेळेचं नियोजन जमवायचं, पुढच्या पायरीवर जायचं. राहू दे तसंच. त्याखाली लिहा, सहा महिन्यांनी हे जमलेलं असेल तेव्हा माझ्या आजूबाजूच्या माणसांना काय वेगळं दिसेल? बायकोला काय दिसेल, साहेबांना काय दिसेल? "मी आठवड्यातून चार दिवस साडेसातच्या आत घरी असेन" हे दिसतं. "माझं आयुष्य संतुलित असेल" हे कुणालाच दिसत नाही.

मग एक अवघड प्रश्न. हे नक्की कुणाला हवंय?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या घरांत एकाचं ध्येय दुसऱ्याच्या डोक्यावर सहज येऊन बसतं. कोडिंगमध्ये मनापासून रमणारा मुलगा कागदावर लिहितो, "दोन वर्षांत मॅनेजर व्हायचंय." खोदून विचारलं की कळतं, बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता मोठा आहे, बरोबरीचे मित्र पुढे गेलेत आणि दर दिवाळीला काका विचारतात, "मग, प्रमोशन झालं की नाही?" यातली हप्त्याची काळजी खरी आहे, तिला उत्तर हवंच. पण ते उत्तर कदाचित जास्त पगाराची तांत्रिक जबाबदारी असेल, मॅनेजरची खुर्ची नसेलही. दुसऱ्याच्या ध्येयासाठी माणूस महिना-दोन महिने धावतो, मग आपोआप ढिला पडतो आणि स्वतःला आळशी म्हणत बसतो. तो आळशी नसतो. घरच्यांसाठी काही करूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. आईवडिलांसाठी, मुलांसाठी माणसं मोठमोठी कामं करतात. फक्त आपण ते त्यांच्यासाठी करतोय हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

शेवटी बघा, यातलं माझ्या हातात किती आहे? प्रमोशन देणं साहेबांच्या हातात. त्यासाठी तयारी करणं, तसं स्पष्ट मागणं, नाही मिळालं तर दुसरीकडे अर्ज करणं तुमच्या हातात. कोचबरोबर काम होतं ते या दुसऱ्या भागावर.

हा कागद जपून ठेवा. पहिल्या भेटीला तोच न्यायचा आहे.

कोच शोधणं

भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. दोन दिवसांचं शिबिर करून आलेला माणूसही कार्डावर 'लाइफ कोच' छापू शकतो. म्हणून प्रशिक्षण विचारायचंच. जगभर सर्वाधिक मानली जाणारी संस्था म्हणजे १९९५ साली सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, सगळे तिला आयसीएफ म्हणतात. तिची चढत्या पायरीची तीन प्रमाणपत्रं आहेत: एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पीसीसीसाठी १२५ आणि ५००. एमसीसीसाठी २०० आणि २५००. कुणाकडे कुठलं प्रमाणपत्र आहे हे संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतं. तपासा. त्यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. खऱ्या कोचला त्याचा राग येत नाही.

अर्थात प्रमाणपत्रावरून माणूस शिकलेला आहे एवढंच कळतं. तुमचं त्याच्याशी जमेल का, ते भेटल्यावरच कळतं. बरेच कोच वीस-तीस मिनिटांची पहिली भेट किंवा कॉल मोफत देतात. दोघा-तिघांशी बोलून मगच ठरवा. एकाशी बोललो, आता नाही कसं म्हणू, असं वाटू देऊ नका. "मी आणखी दोघांशी बोलणार आहे, शुक्रवारपर्यंत कळवते" एवढं वाक्य पुरतं.

त्या भेटीत विचारा: माझ्यासारख्या अडचणी असलेल्या लोकांबरोबर काम केलंय का? एका सेशनमध्ये साधारण काय होतं? मी ठरवलेलं केलं नाही तर तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस चांगला समजतो. "मी कुणाला सोडत नाही, करूनच घेतो" म्हणणाऱ्यापेक्षा "का झालं नाही ते आपण बघू" म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि बोलताना लक्ष ठेवा, जास्त कोण बोलतंय? अर्ध्या तासातली वीस मिनिटं कोचनं स्वतःची यशोगाथा सांगितली, तर पुढच्या सेशनमध्येही तेच व्हायचं.

काही खुणा दिसल्या की सरळ उठायचं. निकालाची हमी. "आज रात्री बारापर्यंत पैसे भरलेत तरच सवलत." मोठ्या हॉटेलातलं स्वस्त शिबिर आणि त्याच्या शेवटी लाखभराच्या पुढच्या कोर्ससाठी आग्रह. आणखी चार माणसं जोडली तर फी परत. लाइफ कोचिंगच्या नावाखाली शेअर बाजाराचे सल्ले.

बजेट कमी असेल तर प्रशिक्षण घेत असलेले कोच शोधा. प्रमाणपत्रासाठी त्यांना अनुभवाचे तास भरायचे असतात, त्यामुळे ते कमी फीत काम करतात आणि बहुतेक जण अतिशय मन लावून करतात.

भाषेचा विचार मात्र फार कमी लोक करतात. पुण्यात बरेचसे कोच इंग्रजीत बोलतात, आपणही ऑफिसच्या सवयीनं इंग्रजी सुरू करतो. कामाचं ध्येय इंग्रजीत छान मांडता येतं. पण राग, भीती, घरातली कुरबुर मराठीतच येते, आणि कुणाची बोली सातारची, कुणाची लातूरची. ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्या भाषेत बोलू देणारा कोच शोधा. निदान "मध्येच मराठीत बोललो तर चालेल ना?" हे आधीच विचारून घ्या.

पैसे आणि करार

फी माणसागणिक खूप बदलते. म्हणून आकडा स्पष्ट विचारा: एका सेशनचे किती, किती सेशन, आणि जीएसटी धरून की वेगळा? वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असलेल्या कोचला जीएसटी नोंदणी करावीच लागते, आणि मग बिलावर १८ टक्के वाढतात. सगळे पैसे एकरकमी भरू नका. दोन-तीन सेशनचे भरून बघा. पावती घ्या. करारात सेशन किती मिनिटांचं, भेट रद्द करायची तर किती तास आधी कळवायचं, मधेच थांबलात तर उरलेल्या पैशांचं काय, आणि तुमच्या नोंदी कोण बघणार, हे लिहिलेलं असावं. कुणी फसवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

कंपनी पैसे देत असेल तर एक गोष्ट आधीच, तुम्ही, कोच आणि साहेब अशा तिघांच्या बैठकीत ठरवून घ्या: साहेबांपर्यंत काय जाणार? माझ्या अनुभवात ध्येय काय आणि सेशन झाली की नाही, एवढंच जावं. आत काय बोललात ते जाता कामा नये. आयसीएफच्या आचारसंहितेत गोपनीयतेचं बंधन आहे, आणि पैसे देणाऱ्याला काय कळणार हे सुरुवातीलाच स्पष्ट करणंही कोचवर बंधनकारक आहे. इथे मोघम उत्तर मिळालं तर तुम्ही मोकळेपणानं बोलणारच नाही, आणि मग त्या सेशनचा उपयोग शून्य.

पहिलं सेशन

जागा शांत हवी. फर्ग्युसन रस्त्यावरचं कॅफे यासाठी कामाचं नाही. गोंगाट तर असतोच, आणि पुण्यात ओळखीचं कुणीतरी भेटल्याशिवाय राहत नाही. ऑनलाइन असेल आणि घरात जागा नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलणारे कितीतरी जण आहेत. इअरफोन लावा, काचा वर करा, उत्तम चालतं. काही कोच सकाळी चालत बोलायला तयार असतात. वेताळ टेकडीवर चालताना माणूस जितकं मोकळं बोलतो तितकं टेबलासमोर बसून बोलत नाही, असं माझं मत आहे.

सेशन कसं चालतं याचं उदाहरण देते. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारी इंजिनीअर आहे असं समजा. तिनं कागदावर लिहिलंय, "आत्मविश्वास वाढवायचा आहे."

"आत्मविश्वास कमी पडतोय असं कुठे जाणवतं?"

"मीटिंगमध्ये."

"सगळ्याच?"

"नाही. सोमवारच्या रिव्ह्यूमध्ये. प्लांट हेड असतात तेव्हा."

"गेल्या सोमवारी काय झालं?"

"रिजेक्शन वाढलंय. प्रॉडक्शनवाल्यांनी मटेरियलवर ढकललं. मला माहीत होतं की डाय झिजलीये, मेजरमेंट मी घेतलं होतं. पण मी काही बोलले नाही."

"बोलल्या असतात तर पहिलं वाक्य काय असतं?"

इथे ती बराच वेळ गप्प. कोचही गप्प. मग ती म्हणते, "सर, डायचं मेजरमेंट माझ्याकडे आहे, दाखवू का?"

"येत्या सोमवारी हे वाक्य म्हणायचं तर आधी काय करावं लागेल?"

"रविवारी रात्री मेजरमेंटची एक स्लाइड करून ठेवते. आणि प्रॉडक्शनच्या साहेबांना आधीच कल्पना देते, म्हणजे त्यांना चारचौघांत कमीपणा वाटणार नाही."

आत्मविश्वास हा शब्द मागेच राहिला आणि सोमवार सकाळ, एक वाक्य, एक स्लाइड एवढंच हातात आलं, हे बघा. प्रॉडक्शनच्या साहेबांना आधी सांगायची कल्पनाही तिचीच. आपल्या कारखान्यात कोण कशानं दुखावतं हे बाहेरच्या कोचला कुठून ठाऊक असणार? या प्रश्नांमागे एक साधा क्रम आहे. काय हवंय, आत्ता काय आहे, काय काय करता येईल, आणि त्यातलं नक्की काय, कधी करणार. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 'ग्रो' या नावानं रूढ केला. हे व्हिटमोर आधी मोटार शर्यतीतले नावाजलेले ड्रायव्हर होते. क्रम लक्षात ठेवला तर सेशन भरकटतंय की मार्गी लागतंय, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

मधली शांतता मोडू नका. उत्तर लगेच द्यायची घाई झाली की आपण आधीच पाठ असलेलं बोलतो.

दोन सेशनच्या मधले दिवस

खरं काम इथे होतं. सेशन तासाभराचं, मधे दोन-तीन आठवडे. सेशन संपल्यावर लगेच, गाडी सुरू करायच्या आधी, एक ओळ लिहा: काय करणार, कधी, कुठे. "रोज व्यायाम" नको. "मंगळवार आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला सोसायटीच्या गेटवर" असं हवं. घरातल्या किंवा ऑफिसातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा. एकालाच, दहा जणांना सांगितलं की दहा सल्ले येतात.

कॅलेंडर बघून ठरवा. गणपतीच्या दहा दिवसांत पेठेतल्या माणसानं नवा दिनक्रम सुरू करायचा म्हणजे पहिल्याच आठवड्यात हार. मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझल, मुलांच्या परीक्षा, घरातली लग्नं. त्या काळात नवीन काही न ठरवता आहे तेच टिकवणं पुरेसं असतं, आणि तसं कोचला सांगायचं.

समजा ठरवलेलं झालंच नाही. इथे लोक सेशनच रद्द करतात. ताप आहे, पाहुणे आलेत, मीटिंग लागली. एकदा रद्द केलं की पुढचंही टळतं, आणि महिनाभरात सगळं थंड पडतं. मी कळकळीनं सांगते, काहीच झालं नसेल तेव्हा तर नक्की जा. बसल्या बसल्या म्हणा, "मी काहीच केलेलं नाही." त्यातून निघणारं बोलणं सगळ्यात उपयोगी असतं. पाऊल फार मोठं होतं का? नको असलेलं होतं का? की करायच्या वेळी सासूबाईंचं दुखणं आलं आणि वेळच उरला नाही? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि त्यावरचा उपायही वेगळा. कोच म्हणजे गृहपाठ तपासणारे मास्तर नव्हेत. तुम्ही त्याला कामासाठी पैसे देताय, आणि हे ऐकून घेणं त्याच्या कामातच येतं.

पटत नसेल तर बोला

तिसऱ्या किंवा चौथ्या सेशनच्या शेवटची दहा मिनिटं आधीच मागून ठेवा: काय उपयोगी पडतंय, काय नाही, एवढंच बोलायला. तोंडातून शब्द फुटत नसतील तर ही वाक्यं तयार ठेवा. "सर, आज मला सल्ला नकोय, फक्त मोठ्यानं विचार करायचाय." "मॅडम, हा प्रश्न मला टोचला, जरा थांबूया." "गेल्या दोन सेशनमध्ये आपण माझ्या मूळ विषयावर आलोच नाही." समोरचा कोच चांगला असेल तर त्याला हे ऐकून बरंच वाटेल, कारण त्याच्याकडे तुमच्या मनात काय चाललंय हे कळायचा दुसरा मार्ग नसतो. तो दुखावला, किंवा "तुमचा विरोध हाच तुमचा अडथळा आहे" असं म्हणाला, तर बदला. उरलेले पैसे करारानुसार मागून घ्या. वयानं, मानानं मोठी माणसं असतील. आदर ठेवूनही नाही म्हणता येतं.

घरी किती सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. पण रोजच्या वेळापत्रकात बदल होणार असेल तर ते घरच्यांना आधी सांगितलेलं बरं, नाहीतर साडेसातला घरी यायचं ठरवता आणि त्याच वेळी घरच्यांनी तुम्हाला भाजी आणायला मंडईत पाठवलेलं असतं.

थांबायचं कधी

सुरुवातीलाच सेशनची संख्या ठरवा. सहा ते दहा सेशन पहिल्या कामाला बहुधा पुरतात. शेवटच्या सेशनला तोच पहिला कागद पुन्हा काढा. लिहिलेलं कुणाला दिसलं का, हे कोचला विचारू नका, ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांना विचारा: बायकोला, साहेबांना, टीममधल्या एखाद्याला. मग पुढच्या तीन महिन्यांत कोचशिवाय काय चालू ठेवणार ते लिहून काढा. कोच आणखी सेशन सुचवेल; नवा विषय असेल तर घ्या, सवयीनं नको. आणि निघण्यापूर्वी विचारून घ्या की तुमच्या सेशनच्या नोंदी तो किती दिवस ठेवणार आहे आणि नंतर त्यांचं काय करणार आहे.